पठाण ढिला झालाय

दुबईत बारा-तेरा वर्षं काढून आलेल्या माणसाने दिवाळी अंकात लिहायचं, तर त्यात सोनं, उंच इमारती आणि उंट हे तिन्ही यायला हवेत अशी संपादकांची अपेक्षा असावी. त्यांची निराशा होणार. उंट मी एकदाच जवळून पाहिला, तोही पिकअपमध्ये बसून सिग्नलला आमच्या शेजारी उभा होता. सोनं घेतलं ते मुलीच्या लग्नापुरतं. आणि मान वर करून इमारती बघायला मला कधी सवडच झाली नाही, कारण माझी सगळी नोकरी होड्यांच्या पोटाखाली वाकून झाली.

मी मेस्त. वेंगुर्ल्याजवळच्या एका खाडीकाठचा सुतार. आजोबा होड्या बांधत, वडील बांधत, मीही बांधायला लागलो तोवर बांधून घेणारे संपत आले होते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या एका एजंटाने मला दुबईला पाठवलं. म्हणाला, शिडाच्या बोटींच्या क्लबात कार्पेंटर पाहिजे. मला वाटलं, मोठमोठी जहाजं असतील. जाऊन बघतो तर काय, आमच्या खाडीतल्या होड्यांपेक्षाही लहान होड्या, पण त्यांचा थाट राजेरजवाड्यांचा. झाकायला कापड, धुवायला गोडं पाणी, ठेवायला चाकांची गाडी. त्यांना डिंगी म्हणतात. मासे मारायला नाहीत, माल न्यायला नाहीत. दोघांनी बसायचं, वाऱ्यावर लांब जायचं आणि परत जागेवर यायचं. मग जातात कशाला, हे मला पहिलं वर्षभर कळलं नाही.

आता या धंद्यातलं थोडं समजावून सांगायला हवं, नाहीतर पुढचं लक्षात येणार नाही. मोठ्या होडीला खाली कणा असतो, पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत एकच जाड लाकूड. आमच्या खाडीत त्याला पठाण म्हणतात. का म्हणतात ते मला विचारू नका. मी लहानपणी वडिलांना विचारलं होतं, तर त्यांनी हातातला रंधा उगारून दाखवला. डिंगीला असा पठाण चालत नाही, कारण तिला रोज वाळूवर ओढून आणायची असते. म्हणून तिच्या पोटाला मधोमध एक लांब चीर असते, वर एक अरुंद पेटी असते आणि त्या पेटीतून एक फळी खाली पाण्यात सोडतात. साहेब लोक तिला सेंटरबोर्ड म्हणतात. ही फळी खाली नसेल तर वारा होडीला पुढे नेत नाही, आडवी ढकलत नेतो. होडीचं नाक दुबईकडे आणि होडी चालली अजमानला. पहिल्या दिवशी ती फळी बघितली आणि मनात म्हटलं, हा तर आपला पठाणच, फक्त वर-खाली होणारा.

ही फळी ढिली होणं हे आमच्या वर्कशॉपचं रोजचं दुखणं. ज्या खिळीवर ती फिरते तिचं भोक झिजून लांबट होतं. किंवा फळीचं लाकूड आतून कुजतं. मग लाटेवर होडी हलली की पेटीत खटखट सुरू. बसलेल्या माणसाच्या पायाखालीच आवाज, त्यामुळे तो वैतागतो, आणि मग मनानेच काहीतरी इलाज करून बसतो. एका जर्मन बाईंनी पेटीत स्पंज कोंबला होता. तो फुगला आणि फळी अशी बसली की बाई किनाऱ्याला लागताना फळीसकट वाळूत रुतल्या. एका अरब तरुणाने जुनी चप्पल कापून घातली होती, आणि ती काढली तर "हबीबी, ओरिजिनल इटालियन" म्हणून परत मागितली. मी चप्पल धुऊन दिली.

खरा इलाज असा, की जुनं भोक भरून काढायचं, नवं पाडायचं, त्यात धातूची नळी बसवायची आणि पेटीच्या आतून दोन्ही बाजूंना पातळ पट्ट्या लावायच्या. पण फार घट्टही करायचं नाही. तिकडच्या दमट उन्हाळ्यात लाकूड फुगतं, मग घट्ट केलेली फळी वरही येत नाही आणि खालीही जात नाही. दोन्ही बाजूंना नेमकी किती जागा सोडायची, त्याचं माझं माप म्हणजे लग्नपत्रिका. बॅगेत कुणाची तरी जुनी पत्रिका होती, ती मी फळी आणि पेटीच्या मधून सरकवून बघायचो. अडकत सरकली की काम फत्ते.

राहायला मी देऱ्यात होतो, दुबईच्या जुन्या वस्तीत. एका खोलीत आठ माणसं, खाटेवर खाट. केरळचे, बिहारचे, एक हैदराबादी. वाईट कुणीच नव्हतं. पण मराठी कुणी नव्हतं. दुबईत मराठी माणसं नव्हती असं नाही, भरपूर होती. ती फॅमिलीवाली होती. एकदा त्यांच्या गणपतीला गेलो होतो, इस्त्रीचा शर्ट घालून. एका बाईंनी हसून विचारलं, "फॅमिली कुठंय तुमची?" म्हटलं, गावी. "अच्छा," म्हणाल्या, प्रसादाचा द्रोण हातात दिला आणि दुसऱ्या कुणाकडे वळल्या. त्यांची चूक नव्हती, त्यांनी तरी माझ्याशी काय बोलायचं. पण मी पुन्हा गेलो नाही. मी जरा तिरसट आहे, हे घरचेही सांगतील.

आपली भाषा बोलायला माणूस नसला की काय होतं, हे सांगून कळण्यातलं नाही. भूक लागते तशी ती लागते. टेलिफोन कार्डावर घरी फोन करायचो, पण त्यात पोरीची परीक्षा, आईचं औषध, कौलं बदलली का, एवढ्यात कार्ड संपायचं. गप्पा अशा नाहीतच. मग मी लाकडाशी बोलायचो. रंध्याला मालवणीत शिव्या द्यायचो. जरा बरं वाटायचं.

वर्कशॉपमध्ये आम्ही दोघेच कारागीर. लाकडाचं काम माझं आणि फायबरचं जमरूद खानचं. तो पाकिस्तानातल्या मर्दानकडचा पठाण, माझ्याहून वयाने मोठा, दाढी मेंदीने लाल केलेली, फायबरच्या भुकटीने कायम खोकणारा. वॉचमनपासून मॅनेजरपर्यंत सगळे त्याला "ए पठाण" म्हणून हाक मारायचे. मी खानसाब म्हणायचो. त्यात माझा मोठेपणा काही नाही. आमच्या गावात वडीलधाऱ्याला जातीने हाक मारली तर कानफटात बसायची, ती सवय. पण त्याने ते लक्षात ठेवलं होतं. पहिल्याच महिन्यात एकदा म्हणाला, "मिस्त्री, इधर मेरा नाम सिर्फ तुमको मालूम है."

दुपारचं जेवण आम्ही एका उलट्या घातलेल्या जुन्या होडीच्या सावलीत करायचो. त्याची भली मोठी रोटी, माझं माशाचं कालवण, आणि दोघांमध्ये एक ताट. त्याला कोकमाचं वेड लागलं होतं. मी गावाहून आलो की आधी माझ्या बॅगेत हात घालून आमसुलं शोधायचा. शारजात भारत-पाकिस्तान मॅच असली की आम्ही दोघेही काही न बोलता वर्कशॉपचा रेडिओ बंद ठेवायचो. घरचं सगळं एकमेकांना माहीत. त्याच्या मोठ्या मुलाचं दुकान चालत नव्हतं ते मला माहीत, माझ्या मुलीला स्थळं येत होती ते त्याला माहीत. सात-आठ वर्षं अशी गेली. आम्ही बोलायचो हिंदीत, आणि हिंदीत मी फळीला बोर्डच म्हणायचो. 'बोर्ड पकडो, बोर्ड घुमाओ.' पठाण हा शब्द त्याच्यासमोर माझ्या तोंडून कधी निघालाच नाही. निघणार कसा? तो शब्द मराठीत होता, आणि मराठी बोलायला कुणी नव्हतं.

मग एका थंडीच्या सीझनला मॅनेजरने आम्हा दोघांना ऑफिसात बोलावलं. इंग्रज होता, सरळ बोलायचा. म्हणाला, आता सगळ्या नव्या बोटी फायबरच्या आहेत, कामं कमी झालीत, पुढच्या सीझनला एकच माणूस ठेवणार. कोण ते कमिटी ठरवेल. बाहेर येऊन आम्ही एकमेकांकडे बघितलं. कोण राहणार हे न सांगताही उघड होतं. होड्या फायबरच्या, तर राहणार फायबरवाला. माझ्या मुलीचं लग्न नुकतंच ठरलं होतं. मेमध्ये उडवायचं होतं. आणि मी त्याच उन्हाळ्यात रिकाम्या हाताने घरी जाणार, असा रंग दिसत होता.

"अल्ला मालिक है," खानसाब म्हणाला आणि रोटी मोडून निम्मी माझ्यापुढे ठेवली. त्या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत साठे आले. पुण्याचे, एका शिपिंग कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. क्लबाच्या कमिटीवर होते, हिशेब बघायचे, पण वर व्हरांड्यातच असायचे, आमच्या अंगणात कधी उतरले नव्हते. देश सोडून चाललेल्या एका इंग्रजाकडून त्यांनी जुनी लाकडी डिंगी घेतली होती, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीसाठी. मुलीचं नाव मृण्मयी. तिला घेऊन ते खाली आले, आणि मला इंग्रजीत काहीतरी सांगता सांगता माझ्या खिशावरचं नाव वाचून थबकले.

"मेस्त? म्हणजे कोकणातले का तुम्ही?"

काय सांगू त्या क्षणाचं. इतक्या वर्षांत त्या अंगणात पहिल्यांदा मराठी ऐकलं. साठे जेवढं विचारत होते त्याच्या दुप्पट मी बोलत होतो. गाव कुठलं, वडील काय करायचे, आमच्या खाडीत होडी कशी बांधतात, सगळं. ते बिचारे ऐकून घेत होते. मुलगी कंटाळून गाडीच्या चाकावर बसली होती. तिच्याशी मराठीत बोललं की ती इंग्रजीत उत्तर द्यायची.

"बरं, हिचा आवाज कसला येतो हो?" शेवटी साठ्यांनी विचारलं. "लाटेवर गेलं की खटखट, खटखट."

मी वाकून पेटीत हात घातला, फळी हलवली. "साहेब, पठाण ढिला झालाय."

"असं होय."

"हे बघा ना. वरून धड दिसतो, पण आतून पार कुजलाय. पठाणाचं असंच, बाहेरून कळत नाही. आठ-दहा वर्षं झाली असतील याला. आता काही कामाचा राहिला नाही."

"मग काय करायचं म्हणता?"

"पठाण काढून टाकायचा," असं म्हणून मी हातही झटकला. "त्याच्या जागी नवा आणू. हलका, मजबूत."

"मॅनेजरशी बोलू का मी?"

"बोला ना. त्यांनी हो म्हटलं की उद्याच काढतो."

सामान मागवायला मॅनेजरची सही लागायची, म्हणून तसं म्हटलं. साठे गेले. मी शीळ घालत परत कामाला लागलो. दोन होड्या सोडून पलीकडे खानसाब घासकाम करत होता. तोंडाला मास्क, हातात पॉलिश पेपर. हात थांबला होता, ते मी बघितलं. मला वाटलं, खोकला आला असेल.

दुसऱ्या दिवशी तो जेवायला आला नाही. वॉचमनच्या खोलीत जाऊन जेवला. तिसऱ्या दिवशीही तेच. मी विचारलं, "खानसाब, तबियत?" तो म्हणाला, "ठीक है," आणि माझ्याकडे पाठ करून राळेचा डबा ढवळायला लागला. आता इथे माझ्या जागी शहाणा माणूस असता तर त्याने खोदून विचारलं असतं. माझं डोकं फिरलं. मी मनाशी धरलं, की नोकरी एकच आहे म्हटल्यावर याला आता माझी संगत नको. कमिटीच्या डोळ्यांसमोर माझ्याबरोबर बसून जेवायचं नाही. इतकी वर्षं एका ताटात जेवून ही किंमत? बरं तर. जा तिकडे.

त्यानंतरचे काही आठवडे मी आयुष्यात विसरणार नाही. देऱ्याच्या खोलीत एकटं वाटायचं ते मी समजू शकत होतो. पण एकाच होडीच्या दोन बाजूंना दोन माणसं उभी आहेत, एकमेकांचा श्वास ऐकू येतोय आणि बोलणं नाही, हे मला झेपत नव्हतं. दुपारी त्या उलट्या होडीच्या सावलीत मी ताट घेऊन बसायचो. अर्ध्या ताटाची सवय लागलेली, जेवण उरायचं. उरलेलं मांजराला घालायचो. मांजर मजेत होतं.

साठ्यांची नवी फळी मी जीव ओतून केली. चांगलं मरीन प्लाय, कडांना सागाची पट्टी, पुढची कड गोल आणि मागची निमुळती, म्हणजे पाणी सरळ कापलं जातं. पण लाकूड पाण्यात टिकायचं तर त्यावर फायबरचं कापड आणि राळेचा थर हवा, आणि ते काम खानसाबचं. मी फळी त्याच्या टेबलावर ठेवली आणि "साठे साहब का बोर्ड" एवढंच म्हटलं. त्याने मान हलवली. दोन दिवसांनी फळी परत माझ्या टेबलावर होती. उजेडात धरून बघितली. कुठे एक बुडबुडा नाही, कडेला एक सुरकुती नाही. त्याने आजवर केलेलं सगळ्यात सुरेख काम. मला अजून राग आला. म्हटलं, कामात इतका चांगला आहे म्हणून तर हा राहणार आणि मी जाणार.

त्याच आठवड्यात मॅनेजरने मला बोलावलं. मी मनाची तयारी करून गेलो. तो म्हणाला, "यू आर स्टेइंग. खानने स्वतःहून राजीनामा दिलाय. व्हिसा कॅन्सलला गेला." कारण काय, तर घरी जायचंय. मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मुलीचं लग्न डोळ्यांसमोर आलं. आणि त्याच्याच मागून वाटलं, हा मला न सांगता चाललाय.

साठ्यांची डिंगी पाण्यात सोडायचा दिवस आला. मी गुडघाभर पाण्यात उभा राहून फळी खाली सोडली, हाताने हलवली, आवाज नाही. "बघा साहेब," मी म्हटलं, "पठाण आता हलत नाही."

मृण्मयी होडीत बसली होती. तिने वर्कशॉपकडे बघितलं, मग माझ्याकडे. "अंकल, व्हाय डू यू कीप कॉलिंग इट पठाण? दॅट मॅन इज पठाण, नो? एव्हरीवन कॉल्स हिम दॅट."

साठे हसले. मीही हसायला तोंड उघडलं, आणि ते तसंच राहिलं.

मी बोललेला एकेक शब्द मला परत ऐकू आला, आणि या वेळी मी तो जमरूद खानच्या कानांनी ऐकला. पठाण ढिला. आठ-दस साल. काम का नहीं. नवा आणू. मॅनेजर. आणि तो झटकलेला हात. ज्या एका माणसाने त्याला कधी पठाण म्हटलं नव्हतं, त्याच्या तोंडून, कमिटीच्या साहेबासमोर. साठे काहीतरी विचारत होते, मी ऐकलं नाही. ओल्या पँटीने तसाच वर्कशॉपमध्ये गेलो.

खानसाब हत्यारं पुसून पेटीत भरत होता. मी धापा टाकत सगळं सांगितलं. आमच्याकडे लाकडाला पठाण म्हणतात, मी फळीबद्दल बोलत होतो, तुझ्याबद्दल नाही. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"मिस्त्री," तो म्हणाला, "आठ साल तुम उसको बोर्ड बोला. आज वो पठाण हो गया?"

मलाही कुणी असं सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. लाकडाला म्हणे पठाण म्हणतात. मी देवाची शपथ घेतली. तो म्हणाला, "कसम मत खाओ, दुख होता है." आणि पेटी बंद केली.

तेव्हा मला अजमान आठवलं. तिथे किनाऱ्यावर अजून लाकडी धाव बांधायचे, म्हणजे अरबांची मालाची जहाजं, आणि बांधणारे बरेचसे कच्छ-मांडवीचे सुतार. त्यांच्याकडेही कण्याला हेच नाव आहे, हे मला वडिलांकडून माहीत होतं. म्हटलं, "शनिवारी माझ्याबरोबर अजमानला चल. एवढंच कर. मग हवं तर तोंड बघू नकोस." शुक्रवारी क्लबात गर्दी, म्हणून आमची सुट्टी शनिवारची. त्याने पेटीला कुलूप घातलं. मग म्हणाला, "चलेगा. मगर तुम उधर एक लफ्ज नहीं बोलेगा. हम पूछेगा."

शेअर टॅक्सीत शारजाच्या ट्रॅफिकमध्ये आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो, तोंडं दोन बाजूच्या खिडक्यांकडे. समजा तिथला सुतार केरळचा निघाला तर? समजा त्याने अरबी शब्द सांगितला तर?

अजमानच्या वाळूत एक धाव उभी होती. नुसत्या फासळ्या, आतून समुद्र दिसत होता. खाली एक म्हातारा बसून तासणी चालवत होता. खानसाबने मला हाताने मागे थांबवलं आणि एकटा पुढे गेला.

"चाचा, किधर का है?"

"मांडवी."

"ये जो नीचे का लंबा लकडी है, इसका नाम क्या है?"

म्हाताऱ्याने मान वर केली नाही. "पठाण."

"क्या?"

"पठाण, पठाण. कान में क्या हुआ है? इसी के ऊपर पूरा जहाज खडा है."

खानसाब त्या लाकडाजवळ वाकला. मग त्याने विचारलं, "ये ढीला हो जाए तो? निकाल के दूसरा डालता है?"

आता म्हाताऱ्याने वर बघितलं, वेड्याकडे बघावं तसं. "जहाज खडा होने के बाद पठाण नहीं निकलता, भाई. पठाण निकला तो समझो जहाज गया."

खानसाब त्या लाकडाच्या टोकावर बसला. आधी खांदे हलायला लागले, मग तो हसायला लागला, हसता हसता खोकला, खोकता खोकता डोळे पुसले. मी जवळ गेलो. त्याने माझा हात धरून मला शेजारी बसवलं. लाकूड उन्हाने तापलं होतं.

"हम समझा, तुम मेरा नौकरी माँगता है," तो म्हणाला. "बेटी का शादी है, मालूम था मुझको. हम तो पहले दिन से सोच के बैठा था कि इस्तीफा हम देगा. मेरा बच्चा लोग बडा हो गया. बस बोलने का बाकी था. फिर तुम उस साहब के सामने..." तो थांबला. "मिस्त्री, उस दिन इतना ही दुख हुआ. पीछे से क्यों बोला? मुँह पे माँग लेता."

मला रडू आलं. मी ते लपवलंही नाही. म्हातारा सुतार तासणी थांबवून आमच्याकडे बघत होता, त्याला काय वाटलं कुणास ठाऊक.

म्हणजे मी त्याच्यावर रागावून बसलो होतो तेव्हा, आणि तो माझ्यावर नाराज होता तेव्हाही, त्याने जे ठरवलं होतं ते बदललं नव्हतं. मी त्याला बिनकामाचा म्हटलंय असं समजूनही त्याने स्वतःची जागा मला दिली होती. आणि ती फळी, एकही बुडबुडा नसलेली, तीही त्याच दिवसांतली.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरकडे गेलो. साठ्यांना सगळं सांगितलं, तेव्हा तेही आले. त्या माणसाने खरंच धावपळ केली, कमिटीत शब्द टाकला. पण कागद पुढे गेले होते, आणि दोन माणसं ठेवायची नाहीत हे ठरलेलं होतं. मी म्हटलं, मग मी जातो. मॅनेजर म्हणाला, तुझ्या जाण्याने आता काही बदलत नाही. खानसाबनेच शेवटी मला बाहेर काढलं. "खलास, मिस्त्री. छोडो. घर में मेरा भी कोई इंतजार करता है."

त्याचे उरलेले दिवस आम्ही पुन्हा एका ताटात जेवलो. निघायच्या दिवशी त्याच्या गावच्या एकाची पिकअप फाटकाशी आली. मी आमसुलांची पुडी त्याच्या पेटीत कोंबली. त्याने मला छातीशी धरलं, आणि मग थोडं लांब करून म्हणाला, "एक बार बोलो."

"क्या?"

"वही. जो लकडी को बोलता है. आज मुँह पे बोलो."

मला ते म्हणवलं नाही. खानसाब एवढंच आलं तोंडातून. तो हसला, दाढीवरून हात फिरवला आणि पुढच्या सीटवर जाऊन बसला.

मुलीचं लग्न मेमध्ये नीट पार पडलं. तिच्या लग्नाची एक पत्रिका मी परत येताना बरोबर आणली, जुनी फाटली होती, मापाला नवी हवीच होती. त्यानंतर मी आणखी चार-पाच वर्षं तिथे काढली, एकटाच. फायबरचं काम त्याने शिकवलं होतं तेवढं करत राहिलो, पण माझ्या हातून बुडबुडे राहायचेच. साठ्यांनी दोनदा घरी जेवायला बोलावलं. गेलो, मराठीत बोललो. बोलताना प्रत्येक शब्द तोलून बोलत होतो, त्यामुळे मजा आली नाही. दुपारी त्या होडीच्या सावलीत बसलो की मुद्दाम निम्मं ताट रिकामं ठेवायचो. मांजरालाही कळायचं नाही, त्या बाजूला काही का नाही ते. तो गेल्यावर दोनदा फोन आला, मग त्याच्या गावचा नंबर बदलला आणि सगळं संपलं. आहे की नाही, तेही मला माहीत नाही.

आता मी गावी असतो. आमच्या खाडीत अधूनमधून अजून एखादी होडी बांधतात. पठाण ठेवायचा तो पहिला मुहूर्त. हळदकुंकू वाहतात, वयस्क म्हणून नारळ माझ्या हातात देतात. फोडण्याआधी मी वाकून त्या लाकडावर तळहात ठेवतो आणि त्याला जमरूद खान या नावाने हाक मारतो, मोठ्याने, एकदाच. पोरांना वाटतं, म्हातारा मंत्र म्हणतोय.